टिंबसर

मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमचं चालू द्या सर," बाई म्हणाल्या. "मी आज नुसती बसणार आहे."

मुख्याध्यापिका वर्गात नुसती बसायला येत नाही, हे पहिलीतलं पोरही सांगेल. सहावीच्या या वर्गातल्या भिंगरीच्या आईने तक्रार केली होती. गणिताचे सर बरोबर उत्तरांवर फुल्या मारतात, अशी. तक्रार खरी निघाली तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे जाणार होता. आणि तक्रार खरी होती. एक टिंब चुकलं की अख्खा मार्क कापतात म्हणून ज्यांना शाळाभर टिंबसर म्हणत, त्यांना गेले काही महिने टिंबच दिसत नव्हतं. आकडे मोठे असले की दिसत. दोन आकड्यांच्या मधलं टिंब मात्र धुक्यात जाई.

मोतीबिंदू जरा जास्तच पिकलाय, डॉक्टर म्हणाले होते, तरी ऑपरेशन करून टाका, पंच्याण्णव टक्के लोकांना काही त्रास होत नाही. सरांनी उरलेले पाच तेवढे घरी नेले आणि तोंडाला कुलूप लावलं.

"कालचा गृहपाठ," सर म्हणाले. "टक्केवारीचं दशांशात रूपांतर. नियम सांगा."

"टिंब दोन घरं डावीकडे," वर्गाने सूर धरला. "घर रिकामं राहिलं तर शून्य बसवायचं."

बाकीच्या वर्गांत पोरं पॉइंट म्हणत. इथे टिंबच.

फळ्यावर दोन-चार गणितं घालून सरांनी तास मारून नेला असता, पण मागून बाई म्हणाल्या, "वह्या तपासा ना सर. पहिल्या बाकापासून."

पहिल्या बाकावर भिंगरीच होती. एरवी तिचे पाय जमिनीला टेकत नसत; आज ती ते ओढत आली. वही टेबलावर ठेवताना पुटपुटली, "आईला मी नको म्हणत होते, सर."

"वही उघड," सर म्हणाले. आवाज कोरडा ठेवायला त्यांना कष्ट पडले.

पहिलंच गणित, पाच टक्के. सरांनी वही नाकाशी नेली. मग खिडकीकडे तिरकी धरली. शून्य दिसलं, पाच दिसला. मधे नुसतंच पांढरं. मागच्या बाकावर बाईंनी चष्मा सारखा केला. जन्मभर ज्यांनी पोरांना अंदाजपंचे उत्तर लिहू दिलं नाही, त्यांच्यावर आता तीच वेळ आली होती.

अंगठा कागदावरून सरकला आणि त्याला काहीतरी टोचलं.

बारीक आणि टोकदार. कर्कटकाने पानाच्या मागून टोचून वर काढलेलं टिंब होतं ते. सरांनी पुन्हा अंगठा फिरवला. शून्य, मग टिंब, मग पाच. खालच्या उत्तरातही तसंच, त्याखालीही. त्यांनी मान वर केली. आज भूमिती नव्हती, तरी बाकाबाकावर कंपासपेट्या उघड्या होत्या आणि वर्ग कधी नव्हे इतका शहाण्यासारखा बसला होता. सरांना भरून आलं.

पण गणित ते गणित. "टिंब छान काढलंयस," ते म्हणाले. "घर चुकलं."

भिंगरीने वाकून पाहिलं.

"पाच टक्के म्हणजे शंभरातले पाच. तू एकाच घरावर थांबलीस, झालं शून्य टिंब पाच. म्हणजे अर्धं. शंभरातले पन्नास! अगं, एवढ्याशा पाचाचा एवढा बाऊ..."

सर मधेच थांबले. लाल पेन तसंच हवेत राहिलं.

मग त्यांनी सावकाश, नीट बघून फुली मारली. भिंगरीचा चेहरा खुलला. बऱ्याच दिवसांनी तिला हक्काची फुली मिळाली होती.

बाई उठून टेबलापाशी आल्या. "पाहू," म्हणाल्या आणि पान खिडकीसमोर धरलं. प्रत्येक उत्तरात उजेडाचा एकेक ठिपका होता. त्या बराच वेळ पानाकडे पाहत राहिल्या, मग वर्गाकडे. सगळ्या माना खाली.

"तक्रारीत काही तथ्य दिसत नाही, सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"आहे, बाई. तिच्या आईचं बरोबर आहे. मला टिंब दिसत नाही." सरांनी वही मिटून भिंगरीच्या हातात दिली. "मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करायचंय. रजा द्या मला."

"अहो, मग इतके दिवस थांबलात कशाला?"

सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसून काही उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"भीती वाटते," ते म्हणाले. "पाच टक्के धोका आहे म्हणतात."

भिंगरी अजून टेबलापाशीच उभी होती. तिने बोटांवर घरं मोजली. एक. दोन.

"शून्य टिंब शून्य पाच, सर," ती म्हणाली.