बदकाचा चमचा

"बदक कोणत्या चमच्यावर आहे, तेवढं सांगा," दादा म्हणाला. "तो माझ्या वाटणीत नको."

जुन्या चांदीची पारख करणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही. एका डोळ्याला भिंग लावून त्यांनी दुसरा मिटून घेतला होता. पुढ्यात हिरव्या फडक्यावर सहा चमचे होते, काळेठिक्कर पडलेले. आई गेल्यावर कपाट आवरताना जुन्या टॉवेलात गुंडाळलेले सापडले होते. शेजारी दादाची धाकटी बहीण मांडीवर पर्स घेऊन बसली होती. साठी उलटली तरी घरात ती बेबीच होती, आणि दादापुढे तिचा आवाजही अजून बेबीसारखाच निघायचा.

"तीन तुला, तीन मला, सरळ वाटून टाकू की रे."

"टाकू. पण बाबांचा मला नको."

बाईंनी पहिला चमचा उपडा केला, दांडीच्या मागे पांढरी पूड लावून हलक्या हाताने पुसली. काळ्यातून इवलासा ठसा वर आला. चांदणी, आणि तिच्याखाली दोन अक्षरं. "ही घडवणाऱ्याची खूण," बाई म्हणाल्या. "दर कारागिराची वेगळी." दुसऱ्यावर चांदणी निघाली, तिसऱ्यावरही. चौथ्यावर त्या थबकल्या. "हा दुसऱ्या हातचा दिसतोय. यावर हंस आहे."

"बदक!" दादा आणि बेबी एकदमच म्हणाले.

"अहो, मान बघा केवढी लांब आहे. हंसच."

"आमच्याकडे बदकच होतं," दादाने ठणकावून सांगितलं, आणि त्याला खुदकन हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. सुट्टीच्या दिवशी दोघं स्वयंपाकघराच्या पायरीवर चमचे पुसायला बसायची. डोळे मिटून चमचा उचलायचा, अंगठ्याने ठसा चाचपायचा, आणि बदक लागलं की बदकासारखं ओरडायचं. बेबी इतकं हुबेहूब ओरडायची की शेजारच्या काकू खिडकीतून डोकवायच्या. आई रागावायची, पण तिलाही हसू आवरायचं नाही. खेळापुरतं बदक त्यांचं. एरवी तो चमचा बाबांचा, दुसऱ्या कुणी तोंडाला लावायचा नाही.

बाबा आठवले आणि दादाचं हसू मावळलं. जेवताना बाबा त्याच्या खुर्चीमागे उभे राहून डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचे. पोराने डाव्या हातात चमचा धरला की बोटांवर पट्टी बसायची. एवढ्यावर भागेना तेव्हा त्यांनी आईच्या रुमालाने तो हात खुर्चीला बांधून टाकला. मोठा होईपर्यंत दादा उजव्या हाताने जेवायला शिकला, लिहायलाही शिकला. आजही सही करताना त्याचं मनगट आखडायचं, आणि आखडलं की बाबा आठवायचे. अशा माणसाचा चमचा घरात ठेवून करायचं काय?

बाईंनी उरलेले दोनही पाहिले. चांदणीच. मग सगळे चमचे उताणे करून त्यांनी टोकं दिव्याखाली आणली. "वापर चांगला झालाय हो. हे पाच बघा, टोकाला डावीकडे झिजलेत. उजव्या हाताने खाणारा वाडग्याचा तळ खरवडतो ना, तेव्हा चमच्याची डावी कड घासते." त्यांनी चौथा उचलला. "हा मात्र उजवीकडून झिजलाय. डावखुऱ्या माणसाचा चमचा. तुमच्यात डावखुरं कोण?"

"मी," दादा म्हणाला. "होतो. पण तो माझा नाही. बाबांचा आहे."

"मग बाबा डावखुरे असतील."

"छे! नीट बघा. तुमचं उलटसुलट होत असेल."

बाईंना असल्या गिऱ्हाइकांची सवय असावी. त्यांनी निमूटपणे भिंग काढून त्याच्या हातात दिलं. दादाने चमचा डोळ्याजवळ धरला. मग पाचांतला एक शेजारी धरला. त्या पाचांत त्याचाही एक होता, डावीकडूनच झिजलेला. बदकाच्या चमच्याची कड दुसऱ्या अंगाला पार झिजून गेली होती.

"वर्षानुवर्षांची झीज आहे," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "दोन-चार दिवसांत चांदी अशी झिजत नाही."

दादाने भिंग खाली ठेवलं. "उजव्या हाताने लिहायचे ते," तो बेबीला म्हणाला, जणू तिनेच काही आरोप केला होता. "मारायचेसुद्धा उजव्याच हाताने."

बेबीने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

"आपलं जेवण झालं की आई आपल्याला बाहेर पिटाळायची," ती म्हणाली. "मग बाबा जेवायला बसायचे आणि ती दार लावून घ्यायची. आठवतं?"

"आठवतं. आपण समोर नको असायचो त्यांना."

"मलाही तसंच वाटायचं. एकदा माझा चेंडू आत राहिला म्हणून मी दार ढकललं. बाबा दचकून उभे राहिले आणि चमच्याचा हात पाठीमागे लपवला. मला वाटलं, आता मार बसतोय. पण ते काही बोललेच नाहीत रे दादा. नुसते माझ्याकडे बघत राहिले, मीच त्यांना मारणार असल्यासारखे."