आवाजाची दुसरी प्रत

जगात कुठलीही गोष्ट एकुलती एक ठेवू नये, एकुलती ती गेलीच म्हणून समजावं, हे सत्य विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या नवऱ्यानं उच्चारलं तेव्हा तो संगणकाच्या टेबलाखाली होता. बायकोला त्याचे फक्त पाय दिसत होते.

"मोजा उलटा घातलाय तुम्ही," ती म्हणाली.

"तू बोलू नकोस. डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितलंय."

"उद्यापासून विश्रांतीच आहे की."

उद्या सकाळी तिचं स्वरयंत्र काढायचं होतं, आज संध्याकाळी दाखल व्हायचं होतं. म्हणून गेले काही दिवस तिचा आवाज घरच्या संगणकात भरून ठेवणं चाललं होतं. नातीला मारलेल्या हाका, कोण कुणाची आतेबहीण याचा उलगडा, आणि नवऱ्याच्या खास आग्रहावरून 'अहो'. रागातलं अहो, चारचौघांतलं अहो, किल्ली आत राहून दार ओढलं गेल्यावरचं अहो.

मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं सगळं संगणकात घेतल्यावर त्यानं मोबाइल पुसून टाकला होता. तीन ठिकाणी असलं की घोळ होतो. प्रती दोनच हव्यात, पण पक्क्या. त्यासाठी संगणकातल्या डिस्कची जुळी बहीण शोभेल अशी नवी डिस्क त्यानं आणली होती. एकीवर जे असेल ते आपोआप दुसरीवर. एक गेली तरी दुसरीवरून संगणक काही झालंच नाही अशा थाटात सुरू होणार.

"घशांचीसुद्धा अशी जोडी मिळती तर," ती म्हणाली.

"शूऽऽ."

नव्या डिस्कवरून संगणक एकटा सुरू होतो का, हे त्यानं आधी तपासलं. तिच्यावर कोरी ऑपरेटिंग सिस्टिम घातली, जुनीची वायर काढली, सुरू करून पाहिलं. झाला सुरू. मग पुन्हा दोन्ही वायरी जोडल्या.

"अहो, निळी वायर मघाशी वरच्या डिस्कला होती. आता खालच्या डिस्कला लावलीत."

"दोन्ही सारख्याच आहेत."

"पण माझा आवाज वरच्या..."

"अगं, जरा गप्प बसशील का? तुझंच काम चाललंय ना!"

निळ्या वायरीवरची डिस्क ती पहिली, असं संगणक धरतो. पहिली डिस्क दुसरीवर उतरवायची का, दुसरीवरचं सगळं पुसलं जाईल, असं पडद्यावर आलं. असे इशारे निष्काळजी माणसांसाठी असतात. त्यानं 'होय' दाबलं.

दुपारभर पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली, आणि तो तिच्यावर नजर ठेवून बसून राहिला. बायकोनं दवाखान्याची पिशवी भरली. दोनदा त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. दोन्ही वेळा त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

दोन्ही डिस्क तंतोतंत जुळल्या, असं शेवटी पडद्यानं कळवलं. त्यानं एकीवरून संगणक सुरू केला, मग दुसरीवरून. दोन्हींवरून सुरू झाला. मग तो आवाजांचं फोल्डर उघडायला गेला. फोल्डर नव्हतं. दुसऱ्या डिस्कवर पाहिलं. तिथेही नव्हतं, अगदी तसंच नव्हतं.

खाली गाडी लावून मेहुणा वर आला. "काय भावोजी, यंत्राची पूजा आटोपली असेल तर निघायचं का? ताईसाठी मी थांबेन, दवाखान्यातली खाट थांबायची नाही." मग त्यानं भावोजींचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं पिशवी उचलली.

"गेलं?" बायकोनं विचारलं.

"कोरी डिस्क उतरली. भरलेलीवर."

"सगळं?"

त्यानं होकारार्थी मान डोलावली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उठा. मोजा सरळ करा."

गाडीत बसल्याबसल्या त्यानं मोबाइल सुरू करून तिच्या तोंडापुढे धरला.

"बोल."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. घसा असा दाटून आला होता, की त्यातून काही निघेना.

"काहीही बोल. नातीला हाक मार. बरं, नुसतं माझ्यावर ओरड. अगं, बोल ना. बोल."

ती नुसती नकारार्थी मान हलवत राहिली. मेहुण्यानं गाडीच्या काचा वर घेतल्या, बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून.

ते रेकॉर्डिंग स्वच्छ आलं आहे. त्यात दवाखाना येईपर्यंत नवरा बोलतो.