मनात राग न ठेवता

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सिनेगॉगमध्ये, अध्यक्षपदाची निवडणूक, रविवार सकाळ. चाळीस मतं पडून झाली होती आणि एक्केचाळिसावी मतदार, शिंपीणबाई, चिठ्ठी हातात घेऊन पेटीपुढे उभी होती.

चिठ्ठी टाकण्याआधी प्रत्येकाने एक वाक्य मोठ्याने म्हणायचं, असा तिथला नियम: ‘मनात कुणाबद्दल राग-लोभ न ठेवता, देवाला स्मरून मत देत आहे.’ बाकीच्यांनी ते पत्ता सांगावा तसं उरकलं होतं.

“मनात कुणाबद्दल...” शिंपीणबाई म्हणाली आणि थांबली.

“म्हणा ना वहिनी,” लाकडाच्या वखारीचे मालक म्हणाले. दहा वर्षं तेच अध्यक्ष होते. “जेवायची वेळ झाली सगळ्यांची.”

“मला नाही म्हणता येत. राग आहे.”

“कुणाबद्दल?” पेटीशी बसलेल्या धर्मगुरूंनी, रब्बींनी विचारलं.

“तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे.”

होतंच. पाच वर्षांपूर्वी, मागच्या निवडणुकीत तिच्या नवऱ्याने वखारवाल्यांच्या विरुद्ध मत दिलं आणि चारचौघांत तसं सांगितलंही. महिन्याभरात तो गेला. गेलेल्या माणसासाठी कद्दीशची प्रार्थना असते, ती दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. शोकाचे सातही दिवस तिच्या घरी रब्बी आणि धाकटा दीर धरून नऊच जण येऊन बसले. बाकीचे पुरुष वखारीत कामाला; मालक गेले नाहीत तिथे ते कसे जाणार? आणि मालक समोरच राहत होते. सातही संध्याकाळी ते आपल्या गॅलरीत पेपर वाचत बसले. नऊ जण रोज खाली मान घालून परत गेले.

“मग मत नका देऊ,” वखारवाले म्हणाले. “चाळीस पुरे झाली. मोजा, रब्बी.”

“घरी बसून राहिली असती तर मी स्वतः जाऊन तिला घेऊन आलो असतो,” रब्बी म्हणाले. “समाजाचं काम आहे, मत देणं भागच आहे. आणि खोटी शपथ मी घेऊ देणार नाही. यातलं कुठलं सोडू म्हणता?”

“मग करायचं काय?”

“राग जाईपर्यंत थांबायचं. दारात आलेल्याचं मत घेतल्याशिवाय पेटी बंद होत नाही. नियमात आहे. खाली सही तुमचीच आहे.”

दुसरे उमेदवार, घड्याळजी, यांना एकाएकी खोकला आला.

शिंपीणबाई भिंतीजवळच्या बाकावर बसली. पिशवीतून कुणाच्या तरी कोटाची बाही काढली आणि शिवायला लागली.

हे तिने ठरवून केलं नव्हतं. घरून निघताना ते वाक्य तिने तीनदा म्हणून पाहिलं होतं. ऐन वेळी पुढे म्हणवेना. पण वखारवाल्यांना खुर्चीतून उठताना, बसताना, पुन्हा उठताना पाहिलं आणि तिला ते आवडलं. फार आवडलं. संध्याकाळी पेटी कपाटात गेली. घरी येऊन तिने दोनदा वाढून घेतलं. कितीतरी दिवसांत अशी भूक लागली नव्हती.

सोमवारी नऊला ती हजर.

“गेला?” रब्बींनी विचारलं.

“नाही.”

दुपारी वखारवाल्यांची बायको येऊन शेजारी बसली. “अहो, एवढं काय धरून बसायचं? ह्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.”

“मला पाच वर्षं झाली त्याला. बाहीला हात लावू नका, टाचण्या आहेत.”

मंगळवारी वखारवाले स्वतः बाकापुढे येऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्हाला हवंय तरी काय?”

“मला काही नको. नऊ जण होते, एवढं आठवतं.”

त्या संध्याकाळी तिच्या घरी नऊ जण आले, आणि रस्ता ओलांडून दहावे आले. तिच्या धाकट्या दिराने कद्दीशची प्रार्थना म्हटली. दहा जणांचं ‘आमेन’ त्या खोलीत घुमलं. त्यात वखारवाल्यांचा आवाज तिला वेगळा ओळखू आला. स्वयंपाकघराच्या दारात ती चौकट धरून उभी होती. छातीत घट्ट बसलेलं काहीतरी सुटलं, आणि सुटलं याचंच तिला नवल वाटलं. निघताना तिने वखारवाल्यांना पाणी दिलं. ते हलक्या पावलांनी घरी गेले.

बुधवारी सकाळी तिने ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता म्हटलं आणि चिठ्ठी टाकली. रब्बींनी पेटी उघडली. वखारवाल्यांना वीस. घड्याळजींना एकवीस.

वखारवाले ताडकन उठले. “खोटं बोलली ही! राग गेलाच नव्हता!”

“गेला,” शिंपीणबाई म्हणाली. “रागात होते तेव्हा देता आलं नाही. आता थंड डोक्याने दिलं.”

वखारवाले पुढे मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले आणि तिथेच वारले. रब्बी नव्वदीपर्यंत जगले. डोळे गेल्यावरही सगळे नियम तोंडपाठ म्हणायचे. घड्याळजी दोनदा अध्यक्ष झाले आणि एकाही सभेला वेळेवर आले नाहीत. त्यांच्या समितीने पहिलाच ठराव केला, की ते वाक्य यापुढे मनातल्या मनात म्हणावं.

शिंपीणबाईने त्यानंतर सहा निवडणुका पाहिल्या. दरवेळी ती सगळ्यांच्या आधी येई, पेटीपुढे उभी राही आणि ओठ मिटून इतका वेळ थांबे, की भिंतीशी बसलेले उमेदवार आपण कधी कुणाच्या घरी जायचं टाळलं, ते एकेक आठवू लागत.