दाराशी बूट नव्हते

"चारला सगळी दारं बंद होतात. मुलांचा हात सोडू नका," तिकीट देणाऱ्या बाईने बजावलं होतं. मुक्ताने "हो हो" म्हणत तिकिटं पर्समध्ये कोंबली होती. पाच वर्षं जर्मनीत राहून एक गोष्ट तिला कळली होती. इथे प्रत्येक खिडकीतून कोणी ना कोणी कसली तरी सूचना देतच असतं.

आता साडेचार वाजले होते आणि स्पृहा सापडत नव्हती.

"तुझ्याबरोबर होती ना?" कपिलने चौथ्यांदा विचारलं.

"मी टॉयलेटला गेले तेव्हा तुझ्या मागे होती. तू बुरुजाचे फोटो काढत होतास."

"मला वाटलं, तुझ्या मागे आली."

स्पृहा चार वर्षांची होती. नोव्हेंबरचा शनिवार, दोन डिग्री तापमान, आणि तटाखाली खंदकाचं तळं. त्याला कठडा होता, पण कठड्याच्या गजांतून चार वर्षांचं मूल सहज गेलं असतं.

किल्ल्याचे रखवालदार लांगे दोन माणसं घेऊन आले. "कपडे? काही खूण?"

"लाल बूट," मुक्ता जर्मनमध्ये म्हणाली. "आणि ती चर्चमध्ये जाताना बूट काढते. बाहेर दाराशी, नीट जोडून ठेवते."

लांगेंनी भुवया उंचावल्या.

ही शिकवण सासूबाईंची. साधनाताई पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. फ्रान्सच्या खेड्यांतले किल्ले आणि जुनी चर्चं बघायची त्यांची फार इच्छा. पुढच्या आठवड्यात तिकडे जायचंच होतं, हा किल्ला म्हणजे नुसती तालीम. जिथे देव तिथे पायताण बाहेर, एवढं एकच त्यांनी नातीला शिकवलं. पोरगी बाकी सगळ्याला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, पण चर्च दिसलं की आधी बूट काढायची.

"मग सोपं आहे," लांगे म्हणाले. "किल्ल्यात एकच चॅपेल, छोटंसं चर्च."

मुक्ता धावतच गेली. लाकडी दार, लोखंडी कुलूप, ओली पायरी. पायरीवर काही नव्हतं.

"किल्ली गावातल्या बाईंकडे असते," मागून येत लांगे म्हणाले. "कुलूप लावण्याआधी त्या आत बघतात, पण बाकं उंच आहेत. फोन उचलत नाहीयेत. गाडी पाठवू? जाऊन येऊन अर्धा-पाऊण तास. पण मग माझा एक माणूस कमी होईल. आणि पाऊण तासात अंधार पडेल."

त्यांनी तळ्याकडे बघितलं नाही. मुक्ताने बघितलं.

तिने दारावर दोनदा थाप मारून हाक दिली. दार हातभर जाड. आतून काही आलं नाही.

"बूट नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे ती इथे नाही. तळं बघा. प्लीज, आधी तळं."

कपिल पोलिसांना फोन लावत होता. मध्येच फोनवर हात ठेवून म्हणाला, "आईला सांगू नकोस. मार्चमध्येच स्टेंट बसलाय. माझ्याबरोबर आहे म्हणून सांग."

गुडघे दुखतात म्हणून सासूबाई केव्हाच फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात.

"आई, स्पृहा कपिलबरोबर आहे हं. अजून वेळ लागेल त्यांना."

"लागू दे गं. त्याला लहानपणापासून किल्ल्यांचं वेड. तू का अशी पांढरी पडलीयेस?"

"थंडी."

"मग टोपी घाल. इथे येऊन शहाणपण गेलं की काय तुमचं!"

मुक्ताने त्यांना तिकीटघरातल्या हीटरजवळ नेऊन बसवलं आणि पुन्हा पळाली. तिने तळघर बघितलं. दारूगोळ्याची कोठी बघितली. प्रत्येक दाराशी आधी जमिनीकडे बघितलं. हाका मारून तिचा आवाज बसला.

पावणेसहाला अग्निशमन दलाची लाल गाडी आली, तिच्यामागे पोलीस. पाण्यावर दिवे फिरू लागले. रबरी पोशाखातले दोघं तळ्यात उतरले. कपिल कोणाचंही न ऐकता कमरेपर्यंत पाण्यात गेला होता. मुक्ताला कोणीतरी धरून तिकीटघरात आणलं.

"एवढे बंब कशाला गं?" सासूबाईंनी काचेतून बघत विचारलं.

"सराव आहे त्यांचा. शनिवारी असतो."

"या देशात सगळ्याचाच सराव." त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतला. "घे. आणि त्या दोघांना बोलव आता. पुरे झालं किल्ला-किल्ला."

मुक्ताने झाकण हातात घेतलं. चहा सांडला. तिने पुसला नाही.

सव्वासहा वाजता दार उघडलं. कपिल आत आला. पँट ओली, ओठ निळे. मागे लांगे, टोपी हातात घेतलेले. "नाही मिळाली," कपिल पुटपुटला. "सकाळी मोठी टीम आणतायत. सकाळी, मुक्ता."

सासूबाईंनी त्याच्या मागे बघितलं. मग दाराकडे. मग मुक्ताकडे.

"हा एकटा कसा? पोर कुठंय?"

मुक्ता खाली बसली आणि तोंडावर हात दाबून हुंदके देऊ लागली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी घाईघाईने पिशवीत हात घातला आणि दोन लाल बूट बाहेर काढले.

"अगं, बाकाकडे येताना मीच उचलले हे त्या छोट्या चर्चच्या पायरीवरून. पायताण बाहेर काढलं तरी असं बेवारस कोणी सोडतं का, चोरीला नाही जाणार? मला वाटलं, तुमच्यापैकी कोणीतरी आत आहे तिच्याबरोबर, कडेवर घेऊन येईल. कपिल, पळ! आधी तिथे जाऊन बघा रे तिला, लेकरू नुसत्या मोज्यांवर आहे!"