पाचवी_माझंघर_०१

बाईंनी फोल्डर उघडलं. आत एकच फाईल होती.

मुलं एकवीस, आणि फाईल एक. बाईंनी फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं. एकच. शेजारच्या खुर्चीत तपासणीला आलेले साहेब चष्मा पुसत बसले होते. कॉम्प्युटरची खोली सहा महिने चालवून बघायची, असं ठरलं होतं आणि सहा महिने आज संपत होते. मुलांना काही येतंय असं साहेबांना दिसलं तर खोली राहणार, बाईही राहणार. नाहीतर मशिनी दुसऱ्या शाळेत आणि बाई घरी. घरी तर त्यांनी आईला आधीच सांगून टाकलं होतं, नोकरी पक्की झाली म्हणून.

"एकवीसपैकी वीस जणांचं काम पूर्ण." बाईंनीच दिलेला कागद साहेबांनी वाचला. "छान. दाखवा की मग."

"मशीन जरा हळू आहे साहेब," बाई म्हणाल्या. मशीन बिचारं केव्हाचं तयार होतं.

गेल्या आठवड्यात बाईंनी फाईलला नाव द्यायला शिकवलं होतं. 'नवीन', 'नवीन दोन', 'कखगघ' असली नावं चालणार नाहीत, हे घसा कोरडा करून सांगितलं होतं. नाव वाचून आत काय आहे ते कळलं पाहिजे. इयत्ता, विषय, शेवटी हजेरीतला नंबर. मुलांनी आपापल्या घराचं चित्र काढायचं होतं, म्हणून फळ्यावर नमुना लिहिला होता: पाचवी_माझंघर_०१. त्याभोवती चौकट आणि खाली 'पुसू नये'. तो अजून तिथेच होता. बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या त्या एकुलत्या एक फाईलच्या नावाकडे, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडला नसता तरच बरं झालं असतं.

मुलांनी नमुना जसाच्या तसा उतरवला होता. सगळ्यांनी. सगळ्यांच्या फाईली एकाच फोल्डरमध्ये जायच्या, आणि एकदम सेव्ह केलं की मशिनी गोठायच्या म्हणून बाईंनी बाकाच्या क्रमाने एकेकाला सांगितलं होतं. दुसऱ्या मुलापासून मशीनने प्रत्येकाला विचारलं असणार: या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का? प्रत्येकाने 'हो' दाबलं असणार. कारण बाईंचा आणखी एक नियम होता. मशीनने काही विचारलं की घाबरायचं नाही, 'हो' म्हणायचं आणि पुढे जायचं. प्रत्येकाने आधीच्याचं घर पुसून आपलं बांधलं होतं आणि "झालं बाई" म्हणून आरोळी ठोकली होती. बाई खुशाल कागदावर खुणा करत राहिल्या होत्या.

'झालं' म्हणाली नव्हती ती एकटी शंका. शेवटच्या बाकावरची. हे नाव मुलांनी पाडलेलं, पण बाईंच्याही तोंडात बसलेलं. पोरगी काहीही दाबायच्या आधी दहादा विचारायची. त्या दिवशीही तिचा हात सारखा वर.

"बाई, हे हो म्हणतात ना, तेव्हा..."

"अगं म्हणू दे ना त्यांना! तू तुझं बघ."

मग बाईंनी तिच्यापुढे फुली मारली होती. शेरा लिहिला होता: काम शून्य, हिला हा वर्ग झेपत नाही.

"तू रे." साहेबांनी पहिल्या बाकावरच्या, मघापासून खोकणाऱ्या मुलाला बोट केलं. "तुझं घर दाखव बघू."

मुलगा ऐटीत आला. फाईल उघडली. त्याचा चेहरा उतरला.

"हे माझं नाही."

"मॅडम, वीस म्हणालात ना?" साहेबांचा आवाज बदलला होता. पेनाचं टोपण निघालं.

नेमका तेव्हाच मागे हात वर झाला.

"आता नको गं!" बाई जवळजवळ ओरडल्याच. हात खाली आला नाही.

"बाई, त्याचं माझ्याकडे आहे. सगळ्यांचीच आहेत."

"तुझ्याकडे कशी?"

"पुसली जात होती ना. फोल्डर माझ्या मशीनवरही दिसतं. एकाचं झालं की दुसऱ्याने हो म्हणायच्या आत मी तिची कॉपी माझ्याकडे ठेवत होते. तुम्हाला विचारलं होतं, पण..."

सगळे तिच्या मशीनभोवती जमले. तिने आपलं फोल्डर उघडलं. "नंबर मला पाठ नाहीत सगळ्यांचे," ती घाईने म्हणाली. साहेब वाकून मोठ्याने वाचू लागले. 'सारखं खोकणाऱ्याचं'. 'जुळ्यांतल्या थोरलीचं'. 'जुळ्यांतल्या धाकटीचं'. 'रडून परत काढलं त्याचं'. 'माझ्याशी कट्टी आहे तिचं'. मुलं खिदळत होती आणि ज्याची त्याची फाईल पाहताक्षणी ओळखत होती. खोकणाऱ्याचं घर उघडलं. निळं दार, गच्चीवर मांजर.

"नाव वाचून आत काय आहे ते कळतंय मॅडम," साहेब हसले. तपासणीच्या वहीत सही केली. "खोली राहू द्या."

बाईंना रडूच यायचं बाकी होतं. साहेबांच्या हातातला तो खुणांचा आणि फुलीचा कागद त्यांनी मागून घेतला आणि मुठीत चुरगळला. मग पडद्यावरच्या फाईली पुन्हा वरपासून मोजल्या. वीस नव्हत्या, एकवीस होत्या.

सगळ्यात खालची फाईल बाईंनी स्वतः उघडली. आत कोरं पांढरं पान होतं. नाव होतं, 'माझं, वेळ उरला तर'.