एक इंची पाईप

नळ फुसफुसला. नुसती हवा. तरी गौरी ताडकन उठली आणि पाणी भरायचा पितळी गुंड पाईपच्या तोंडाखाली सरकवला.

सलील तिच्या कडेवर होता. जुलाबानं सुकलेलं ते लेकरू कालच दवाखान्यातून घरी आलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सगळं उकळून, धुऊन घ्या, नाहीतर पुन्हा भरती करावं लागेल. मोरीत लंगोटांचा ढीग पडला होता आणि ड्रम कोरडा. आज पाणी गेलं की थेट पुढच्या आठवड्यात.

पाणी आलं. करंगळीएवढी धार, पाईपच्या तळाला चिकटून, रेंगाळत.

पुसदच्या या गल्लीत सगळ्यांनीच अर्धा इंची पाईप उपटून एक इंची बसवले होते. गौरीचं घर टोकाचं. पाईप जाड तर पाणी जास्त, म्हणत तिच्या नवऱ्यानं, नंदकिशोरनंही रविवारी बसवला. रस्त्याखालची लाइन मात्र जुनीच होती. अलीकडची घरं मोठ्या तोंडानं पिऊन घेत, उरेल ते इथवर येई.

ती तशीच गल्लीच्या सुरुवातीला राहणाऱ्या कुंदाकाकूंकडे धावली. त्यांच्या ड्रममध्ये धो-धो पडत होतं. थोडा वेळ बंद करा, लेकरू आजारी आहे, तिनं विनवलं. काकूंनी लगेच एक कळशी भरून दिली. मग म्हणाल्या, "मी करतो वं बंद. पण ते पाणी तुयापर्यंत येईन का? मधात चार जाड पाईप हायेत. त्यायले कोन सांगन?"

ती परतली तेव्हा गुंजननं पाईपच्या तोंडावर तळहात दाबून धरला होता. बोटांच्या फटीतून पाणी सुसाट उडत होतं, गुंडावर ताडताड आपटत होतं. एवढा जोर बघून गौरी हरखली. कळशी टेकवून तिनं लेकीचा हात बाजूला केला आणि स्वतःचा अंगठा दाबला. धार आणखी बारीक झाली, आणखी जोरात सुटली. तिनं अजून दाबलं. अंगठा पांढरा पडला. कडेवर सलील कण्हला, आणि काहीतरी कोमट तिच्या कमरेवरून खाली ओघळलं.

गुंजन गुंडात डोकावून बघत होती.

"आई, पाणी तं इतकं जोरात येऊन राह्यलं," ती म्हणाली. "मंग गुंड काहून भरत नाही?"