विसावा उंबरा

हैबतीने उंबरे तिसऱ्यांदा मोजले आणि तिसऱ्यांदाही ते एकोणीसच भरले. शाळाखात्याचे डिपोटी साहेब पोलादपुराहून निघालेसुद्धा असतील. त्यांची अट साधी होती. वाडीत वीस घरं दाखवा, इथेच वर पठारावर शाळा घ्या. नाहीतर पोरं आजवर जातात तशीच दोन ओढे ओलांडून खाली जाऊ देत. गेल्या श्रावणात हैबतीची नात शकू त्यातल्याच एका ओढ्यात वाहून जाता जाता वाचली होती. तेव्हापासून तिने पाटीला हात लावला नव्हता. आता एका उंबऱ्यापायी शाळा हुकणार होती.

घर म्हणजे उंबरा, हा वाडीचा जुना नियम. उंबरा असेल तिथेच शिमग्याला पालखी थांबायची आणि उंबरा असेल त्यालाच गावकीत तोंड उघडता यायचं. हैबती वाडीचा गावकर, म्हणजे गावकीचा मुख्य, आणि नियमाला भलताच पक्का. देव एखादे वेळी वाकडी वाट घेईल, पण हा घ्यायचा नाही.

चौथ्यांदा मोजून काही उंबरे वाढणार नव्हते. त्याची नजर तळ्याकडे गेली.

तळ्याच्या काठी चार दिवसांपासून मुंबईचे गुप्तेसाहेब बायकोसह मुक्कामाला होते. महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेली लॉरी घेऊन त्यांनी तिच्यावर लाकडी खोली चढवली होती. खिडक्यांना हिरवे पडदे, आत झोपायला दोन बाकं, कोपऱ्यात स्टोव्ह आणि मागे उतरायला तीन पायऱ्या. साहेब सकाळपासून पाण्यात गळ टाकून बसायचे. मासा काही लागायचा नाही, पण साहेब खूश. बाई पायरीवर बसून भाजी चिरायच्या. वाडीने त्या सगळ्याला नाव ठेवलं होतं, चाकावरचं बिऱ्हाड.

“सायेब, एक मागनं हाय,” हैबती म्हणाला. “आजच्या दिस तुमचं बिऱ्हाड आमच्यातलं घर म्हून मोजू द्या. आमच्या पोरांना शाळा भेटंल.”

साहेबांना हसू आलं. “अहो, आम्ही परवा निघणार. आणि याला साधा उंबरासुद्धा नाही.”

“उंबऱ्याचं मी बघतो. चाकं पेंढ्यानं झाकू.” साहेबांनी हसतच मान डोलावली.

सुटा उंबरा वाडीत एकीकडेच होता, ठमाबाईकडे. ती हैबतीच्या भावकीतल्या कुशाबाची बायको. कुशाबा गेला आणि पुढच्याच पावसाळ्यात त्याचं घर बसलं. चिखलातून ठमाबाईने काढलं ते एक सागवानी उंबऱ्याचं लाकूड. ते घेऊन ती गाईच्या गोठ्यात राहायला गेली. गोठ्याला उंबरा नसतो, जनावराचे खूर अडकतात. म्हणून पुढच्या शिमग्याला हैबतीने पालखी तिच्या दारावरून तशीच पुढे काढली. ती नारळ हातात धरून उभी होती. त्याला आता चार वर्षं झाली होती.

“वैनी, तुजा उंबरा दे गो घटकाभर.”

“कशाला वो, भावजी?”

“तळ्यावरच्या मोटारीला लावतो. घर म्हून मोजायला.”

ठमाबाई उठली. भिंतीशी टेकलेलं लाकूड पदराने पुसलं. हैबती पुढे झाला, तर त्याला तिने हात लावू दिला नाही. स्वतःच डोक्यावर घेतलं आणि चालू लागली.

लॉरीपाशी तिने ते उतरवलं तेव्हा गुप्तेबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांना वाईट वाटलं. “अहो, तुमच्या घराचा उंबरा काढून आणलात? मग तुमचं दार?”

“माजं घर नाय, बाय. गोठा हाय.”

“मग तिथे राहतं कोण?”

“मी.”

“आणि जेवणखाण?”

“चूल हाय की. रोज पेटते.”

हैबती खाली बसून पायरीखाली लाकूड सरकवत होता. त्याचे हात थांबले. परवा उठून जाणाऱ्या चाकांना तो उंबरा लावत होता, आणि जिची चूल रोज पेटते तिला त्याने कधी मोजलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा त्याने चार वर्षं घातला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. ठमाबाईकडे मान वर करून बघवेना.

त्याने लाकूड बाहेर ओढलं आणि आपल्या खांद्यावर घेतलं. या वेळी ठमाबाईने अडवलं नाही.

“का हो, काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“तुमच्या घराला चाकं हायत, सायेब. तुमचं घर कुटं बी होईल.”

डिपोटी साहेब उन्हं चढल्यावर आले. एकोणीस घरं कागदावर लिहून ते ठमाबाईच्या दाराशी थांबले. गाय बाहेर आंब्याला बांधली होती. दाराखाली नुकताच लिंपलेला चिखल अजून ओला होता.

“हा तर गोठा दिसतो,” साहेब म्हणाले.

“घर हाय, सायेब. चार वर्सं घरच हाय. मोजनारा मी, मीच चुकलो.”

साहेबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि खात्री करायला दारातून वाकले. आतून, चुलीपाशी चहाचं आधण ठेवता ठेवता, ठमाबाईचा आवाज आला.

“जरा पाय उचलून या, सायेब. उंबरा हाय.”